हॅम्बर्ग : बंदराचं शहर बंदर म्हणून कसं बघावं?

सागरगोटा

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आई-बाबांना घेऊन हॅम्बर्गला जायचं ठरलंय. सोबत माझा दहा वर्षांचा मुलगा. बाबांची सगळी नोकरी गोदीत, क्रेनच्या वर्कशॉपमध्ये झाली. निघायच्या आधीच त्यांनी मला बजावलंय, "चर्च आणि राजवाडे नंतर, आधी बंदर दाखव." आईला चालायला आवडतं. बाबांचे गुडघे मात्र दुखतात, फार जिने जमत नाहीत.

नेटवरच्या याद्या वाचून डोकं भणाणलं आहे. एल्बफिलहार्मोनी हे संगीत सभागृह, वखारींचा भाग म्हणजे श्पाइखरश्टाट, मासळीबाजार, नदीखालचा जुना बोगदा, मिनिआतुर वुंडरलांड (छोट्या रेल्वेंचं प्रदर्शन), सेंट मिखाएलिस चर्चचा मनोरा, शिवाय बंदरातून फिरवून आणणाऱ्या बोटी. सगळीकडे हीच नावं, पण कुठून सुरुवात करावी आणि कशाला किती वेळ द्यावा हे कोणीच सांगत नाही.

प्रश्न असे :
बंदरातली टूर बोट घ्यावी का? कोणती?
खरीखुरी मालवाहतूक, कंटेनर, ड्राय डॉक जवळून कुठून दिसतात?
बाबांना न दमवता काय काय होईल?

घाई नाही, तिथे आठवडाभर आहोत. जे तिथे राहतात किंवा राहून आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

गलबत

सागरगोटा ताई, तुमच्या बाबांनी अगदी योग्य मागणी केली आहे. मी इथे बरीच वर्षं राहतो आणि जहाजांच्याच कामात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट : हे बंदर समुद्रावर नाही. एल्ब नदीवर, समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे. तरी भरती-ओहोटी थेट शहरापर्यंत येते, आणि पाण्याची पातळी रोज दोनदा साडेतीन मीटरहून जास्त वरखाली होते. इथे काय कधी बघायचं हे या पाण्यावर ठरतं. टूरिस्ट याद्यांमध्ये हे जवळजवळ कुठेच नसतं.

लांडुंग्सब्रुकेन हा मुख्य धक्का घ्या. तो पक्का बांधलेला धक्का नाही, पाण्यावर तरंगणाऱ्या पाँटूनांची लांबच लांब रांग आहे. किनाऱ्यावरून तिथे उतरायला हलते पूल आहेत. भरतीला हे पूल जवळपास सपाट होतात, ओहोटीला चांगलेच उतरते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक पहिल्या पावलालाच कळतो. म्हणून बाबांना शक्यतो भरतीच्या आसपास तिथे न्या. धक्क्याच्या पूर्व टोकाला घड्याळाचा दगडी मनोरा आहे, त्यावर पाण्याची पातळीही दिसते.

आता टूर बोटीचं. आधी तिच्यावर पैसे घालू नका. त्याच धक्क्यावरून ६२ नंबरची फेरी सुटते. ही शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचा भाग आहे. बस-मेट्रोचा दिवसाचा पास असेल तर त्याच पासावर चालते, वेगळं तिकीट नाही. दिवसा दर पंधरा मिनिटांनी असते आणि फिंकेनवेर्डर या शेवटच्या थांब्याला पोचायला अर्धा तास लागतो. जाताना डाव्या बाजूला बसा. निघताना समोरच ब्लोम उंट फॉसच्या गोद्या दिसतात. ही जहाजबांधणी १८७७ पासूनची. एखादं जहाज डॉकमध्ये उचललेलं असलं तर त्याचा एरवी पाण्याखाली असणारा भाग, सुकाणू, पंखा, सगळं उघडं दिसतं. पुढे डावीकडे कोलब्रांड या एल्बच्या फाट्याचं मुख उघडतं आणि आत कोलब्रांड पूल दिसतो (१९७४ चा, दोन उंच खांबांचा). त्यानंतर कंटेनर टर्मिनल.

बाबांना सांगा, क्रेनची बूम (पुढचा लांब हात) खाली, आडवी असली तर धक्क्याला जहाजाचं काम चालू आहे. बूम आकाशाकडे उभी असली तर क्रेन मोकळी. बुर्खार्डकाय या टर्मिनलवर चार उंच पायांच्या स्ट्रॅडल कॅरिअर गाड्या दिसतील, त्या कंटेनर पोटाखाली धरून पळतात. वर्कशॉपमधल्या माणसाला तिथेच तासभर उभं राहावंसं वाटेल.

वाटेत बुबेनडाय-उफर नावाचा थांबा आहे. त्याच्या पुढे, फिंकेनवेर्डरच्या अलीकडे मनोरा असलेली विटांची एक देखणी इमारत आहे. ते पायलटांचं ठाणं. नदीतून जहाज आणणारा पायलट इथे उतरतो आणि बंदरातला पायलट चढतो. नशिबात असलं तर छोटी पायलट बोट चालत्या जहाजाला खेटलेली बघायला मिळते.

वरचा डेक उघडा असतो, पण तिथे जिना चढून जावं लागतं. खालच्या मजल्यावर मोठ्या काचा आहेत, बाबांना तिथून छान दिसेल. रविवारी दुपारी ही फेरी टाळा, फार गर्दी असते. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास जा.

---

निशिगंध

गलबत, +१. आम्ही सासू-सासऱ्यांना असंच नेलं होतं. एक भर घालते. परत येताना वाटेतल्या नॉयम्यूलन थांब्याला उतरा. उतरल्या उतरल्या जुन्या बोटींचं छोटं संग्रहालय आहे, उघड्यावरच. जुन्या टग, शिडाच्या होड्या, एक दीपनौका पाण्यातच बांधून ठेवल्यात. नुसतं धक्क्यावरून चालत बघायला काही पैसे नाहीत.

पुढे ओव्हेलग्योनेची वाळू लागते. नदीचा किनारा, समोर पूर्ण कंटेनर टर्मिनल. लहान मुलं पाण्याशी खेळतात आणि पलीकडे चारशे मीटर लांबीची जहाजं उभी. मुलाला पाण्यात मात्र सोडू नका. मोठं जहाज गेलं की दोन-तीन मिनिटांनी लाट येते आणि मागे खेचते, प्रवाहही जोराचा आहे.

त्याच वाळूत एक प्रचंड धोंडा आहे. १९९९ मध्ये नदीचा गाळ उपसताना सापडला, वजन २१७ टन. हिमयुगात हिमनदीबरोबर स्वीडनहून इथवर आलेला. मुलाला त्याच्याशेजारी उभा करून फोटो काढा, आकार लगेच कळतो.

वरच्या रस्त्याला जायला जिने आहेत, ते बाबांना नकोत. धक्क्यापासूनच बस सुटते, ती पकडा.

---

वाटसरू

फेरीचं पटलं, पण टूर बोट अजिबात घेऊ नका हे मला मान्य नाही. ६२ नंबर वखारींच्या कालव्यांत जात नाही. श्पाइखरश्टाट पाण्यातूनच बघायला हवं. त्या वखारी बांधल्याच तशा : एक दार रस्त्याकडे, एक दार पाण्याकडे, माल होडीतून थेट वर ओढायचा. रस्त्यावरून तुम्हाला अर्धीच इमारत दिसते.

बार्कासे म्हणतात त्या बुटक्या लाँच घ्या. मोठ्या टूर बोटी कंटेनरकडे जातात, पण कालव्यांत शिरत नाहीत. तिकीट घेण्याआधी "आज, या फेरीला श्पाइखरश्टाट आहे का?" असं स्पष्ट विचारा. ओहोटीला कालव्यांत पाणीच उरत नाही, खालचा गाळ उघडा पडतो. आणि भरती फार चढली तर लाँच पुलांखालून जाऊ शकत नाही. मधल्या वेळातच जमतं. पाटीवर चित्र असतं, पण त्या फेरीला आत जातीलच असं नाही.

फोटोसाठी : पोगेनम्यूलन पूल. दोन कालव्यांच्या मधल्या टोकावर ती प्रसिद्ध छोटी इमारत, दोन्ही बाजूंना वखारींच्या भिंती. जूनमध्ये सूर्य दहाच्या जरासा आधी मावळतो. त्यानंतर अर्ध्या तासाने निळा प्रकाश येतो आणि इमारतींवरचे दिवे लागलेले असतात. पाणी भरलेलं असेल तर प्रतिबिंबही मिळतं. गलबत म्हणतात तसं, इथेही आधी भरतीचं वेळापत्रक.

मासळीबाजार मला एवढा आवडला नाही. कपडे, पिशव्या, फळांच्या टोपल्या जास्त.

---

गलबत

वाटसरू, मान्य. "आधी" घालू नका म्हणालो ते याचसाठी. आधी फेरी, मग कालव्यांसाठी बार्कासे. फक्त बार्कासेत चढताना पाय खाली टाकून उतरावं लागतं आणि आत वाकून बसायचं. बाबांना हात द्यायला दोन्ही बाजूंना माणूस ठेवा. काउंटरवर सांगितलं तर खलाशी मदत करतात.

वेळापत्रक : जर्मनीच्या समुद्र व जलमापन खात्याच्या वेबसाइटवर "सेंट पाउली" हे ठिकाण निवडा, महिन्याची भरती-ओहोटी मिळेल. रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. इथे पाणी चढायला पाच तासांच्या आसपास लागतात, उतरायला सातहून अधिक. त्यामुळे "भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी" हा आपला नेहमीचा अंदाज इथे चुकतो.

---

जुनी_पानं

चर्चा छान चालली आहे. मला इतिहासाची आवड आहे म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. सागरगोटा, तुमच्या वडिलांना हे नक्की आवडेल.

श्पाइखरश्टाट बघायला जाल तेव्हा तिथे आधी काय होतं हे लक्षात असू द्या. हॅम्बर्ग स्वतःचा जकात-कारभार सांभाळणारं शहर होतं. जर्मन साम्राज्याच्या जकात संघात सामील व्हायचं ठरलं, तेव्हा बदल्यात त्याला एक मुक्त बंदर मिळालं. तिथे माल उतरवा, साठवा, निवडा, मिसळा, पुन्हा परदेशी पाठवा, जकात नाही. त्यासाठी वखारी हव्या होत्या आणि वखारींसाठी जागा. १८८३ पासून तिथली जुनी वस्ती पाडायला घेतली. सुमारे २०,००० माणसं हलवली गेली. त्यात धनिक व्यापाऱ्यांचे वाडे होते आणि गोदी कामगारांच्या दाटीवाटीच्या चाळीही. १८८८ मध्ये सम्राटाच्या हस्ते उद्‌घाटन झालं. कामगार लांब राहायला गेले आणि काम तर पाण्याकाठीच. बंदरात माणसं ने-आण करणारी फेरी कंपनीही त्याच १८८८ सालची. तुम्ही ज्या ६२ नंबरने जाणार आहात ती याच कंपनीची.

लाकडी खांबांच्या पायावर उभ्या या विटांच्या वखारींमध्ये कॉफी, चहा, कोको, मसाले, गालिचे असत. इमारतीच्या माथ्याकडे बघा, प्रत्येक ओळीवर एक छोटं छप्पर पुढे आलेलं दिसेल. त्याखाली माल ओढायची विंच. क्रेनवाल्या माणसाला दाखवायलाच हवं. आत श्पाइखरश्टाट म्युझियम आहे, छोटंसंच, पण गोण्या, नमुने काढायच्या सळया, तराजू, सगळी हत्यारं मांडून ठेवली आहेत. तिथे अर्धा दिवस द्या असं मी म्हणेन.

२०१५ मध्ये हा भाग आणि शेजारचा व्यापारी कचेऱ्यांचा भाग मिळून जागतिक वारसा यादीत आला. त्या कचेऱ्यांपैकी चिलेहाउस चुकवू नका. १९२४ मध्ये पूर्ण झालेली, फ्रिट्झ ह्योगर या वास्तुविशारदाची इमारत. तिचं पूर्वेचं टोक जहाजाच्या नाळेसारखं धारदार आहे. नाव चिली देशावरून, कारण बांधणाऱ्या व्यापाऱ्याने चिलीहून सोरा आणून पैसा केला होता. खतासाठी आणि स्फोटकांसाठी सोरा लागे.

तो सोरा आणणारी जहाजंही बघता येतात. 'पेकिंग' हे चार डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज १९११ मध्ये याच शहरात ब्लोम उंट फॉसने बांधलं. केप हॉर्नला वळसा घालून ते चिलीहून सोरा आणत असे. नंतर इंग्लंड, मग कितीतरी वर्षं न्यूयॉर्क. २०२० मध्ये दुरुस्त होऊन परत हॅम्बर्गला आलं. आता ते बंदर संग्रहालयाच्या भागात, ५० नंबरच्या शेडजवळ आहे. त्या शेडमध्ये जुन्या क्रेन, हातगाड्या, गोदी कामगारांची अवजारं आहेत. ताई, तुमच्या यादीत हे नाहीच, आणि बाबांसाठी मी हेच पहिलं लिहिलं असतं. ते हंगामातच उघडं असतं आणि जहाजावर बहुधा गाइडबरोबरच सोडतात. दिवस-वेळ आधी बघून घ्या.

---

कंदील

जुनी_पानं, फार सुंदर प्रतिसाद. चिलेहाउससमोरून मी रोज ऑफिसला जायचे, पण तो सोरा आणि पेकिंग यांचा धागा कधी जोडला नव्हता.

मासळीबाजाराबद्दल वाटसरूंशी असहमत. तो रविवारीच असतो आणि उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू होऊन साडेनऊला संपतो. नऊला जाल तर पिशव्याच दिसतील. सहाला जा. मासे विकणारे गाडीवर उभं राहून ओरडत असतात, पिशवीत एकावर एक मासे टाकत जातात. मागे १८९६ चा जुना लिलाव हॉल आहे, लोखंड आणि काच, आत बँड वाजत असतो आणि रात्रभर जागलेली मंडळी नाचत असतात. हा बाजार १७०३ पासून भरतो. आईंना पहाटे चालायची सवय असेल तर दोघी जा, बाबा आणि नातू झोपू देत.

शाकाहारी असाल तर बेकरीत फ्रान्झब्रोट्खन घ्या. दालचिनी-साखरेचं, इथलं खास.

---

सागरगोटा

सगळ्यांचे मनापासून आभार! एवढं तपशिलात कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. स्ट्रॅडल कॅरिअर आणि पेकिंग ऐकून त्यांनी लगेच वही काढली आणि नावं लिहून घेतली. ५० नंबरच्या शेडबद्दल दोनदा विचारलं.

आता पुढचे प्रश्न. जुना बोगदा बाबांना झेपेल का? आणि एल्बफिलहार्मोनीत मैफलीची तिकिटं मिळाली नाहीत, तरी आत जाता येतं का?

---

निशिगंध

बोगदा नक्की झेपेल, लिफ्ट आहेत. १९११ मध्ये सुरू झालेला, ४२६ मीटर लांब, नदीखालून जाणारा, जवळजवळ चोवीस मीटर खोल. गोदी कामगारांना पलीकडच्या गोद्यांत थंडी-बर्फातही जाता यावं म्हणून बांधला. पायी जाणाऱ्यांना पैसे नाहीत. पूर्वी मोटारीसुद्धा लिफ्टने खाली उतरवायचे. त्या अवाढव्य लिफ्ट बाबांना दाखवा, घुमटाखालच्या गोल विहिरीत वरपासून खालपर्यंत सगळी यंत्रणा उघडी दिसते. आत भिंतीवर मासे, खेकडे असे चिनीमातीचे उठावाचे तुकडे बसवलेत. मुलाला ते शोधायला लावा.

पलीकडे वर आलात की स्टाइनवेर्डर. तिथून काठावर या : समोर लांडुंग्सब्रुकेन, मागे सेंट मिखाएलिस, उजवीकडे एल्बफिलहार्मोनी. शहराचा हा चेहरा फक्त इथूनच दिसतो. बसायला जागा आहे. बोगद्यात गारठा असतो, जूनमध्येही अंगावर काहीतरी असू द्या.

---

वाटसरू

एल्बफिलहार्मोनी : मैफल नसली तरी ३७ मीटरवरच्या प्लाझावर जाता येतं. त्याचं वेगळं तिकीट असतं, वेळ ठरवून घ्या. वर जायला लांब, किंचित वळणाचा सरकता जिना आहे, त्याचं वरचं टोक खालून दिसत नाही. लिफ्टही आहे. प्लाझाला बाहेरून चारी बाजूंनी फिरता येतं, वारा प्रचंड.

खालचा विटांचा भाग म्हणजे १९६० च्या दशकातली कोको-चहा-तंबाखूची वखार. तिच्या डोक्यावर काचेची इमारत चढवून जानेवारी २०१७ मध्ये सभागृह उघडलं. खर्च आणि वेळ दोन्ही अंदाजाच्या कितीतरी पुढे गेले, शहरात त्यावरून खूप वादही झाला. तरी वर उभं राहिल्यावर मला पैसे वाया गेले असं वाटलं नाही. एकीकडे लाल विटांच्या वखारी, दुसरीकडे क्रेन.

---

गलबत

आणखी एक, बाबांसाठी बिनकष्टाचं. यू-३ मेट्रोने राटहाउसपासून लांडुंग्सब्रुकेनपर्यंत या. राटहाउसनंतर गाडी जमिनीतून वर येते आणि लोखंडी पुलावरून बंदराच्या काठाने जाते. डावीकडे कालवे, वखारी, मग जुनी जहाजं. चार-पाच मिनिटांचंच आहे, पण इतक्या थोड्या वेळात इतकं बंदर दुसरीकडे दिसत नाही.

आणि एक अर्धा दिवस वेडेलला द्या. एस-बान या लोकलने शेवटपर्यंत, पुढे बस. नदीकाठी एक ठाणं आहे, १९५२ पासून ते ये-जा करणाऱ्या मोठ्या जहाजांना सलामी देतं. ध्वज खाली-वर होतो, जहाजाच्या देशाचं राष्ट्रगीत वाजतं आणि मग लाउडस्पीकरवर सांगतात : जहाज कुठलं, कुठून आलं, लांबी किती, बांधलं कधी. बाजूला बसून चहा-कॉफी घेता येते. मोठी, खोल बसणारी जहाजं भरती बघूनच नदीतून ये-जा करतात. त्यामुळे जहाजांच्या अपेक्षित वेळा बंदराच्या वेबसाइटवर आधी बघा, नाहीतर दोन तास रिकाम्या पाण्याकडे बघत बसावं लागेल.

---

जुनी_पानं

अजून दोन ठिकाणं सुचवतो. दोन्ही आनंदाची नाहीत, पण ती टाळून हे शहर समजत नाही.

बालिनश्टाट, फेडेल स्टेशनजवळ. १८५० नंतरच्या काळात सुमारे ५० लाख माणसं हॅम्बर्गमधून जहाजाने देश सोडून गेली, बहुतेक अमेरिकेला. त्यांत पूर्व युरोपातले ज्यू आणि गरीब शेतकरी फार. अल्बर्ट बालिनच्या जहाज कंपनीने त्यांच्यासाठी निवासाच्या बराकी बांधल्या, १९०१ मध्ये सुरू झाल्या. त्याच जागी आता संग्रहालय आहे. जाणाऱ्यांच्या याद्या हॅम्बर्गच्या अभिलेखागारात जपल्या आहेत, आणि त्या चाळून आपले पूर्वज शोधायला इथे लोक येतात.

दुसरं, सेंट निकोलाय चर्च. उरलाय तो फक्त मनोरा आणि काळवंडलेल्या भिंती. १४७ मीटर उंचीचा हा मनोरा १८७४ ते १८७६ जगातली सर्वांत उंच इमारत होता. जुलै १९४३ च्या हवाई हल्ल्यांत ३०,००० हून अधिक माणसं या शहरात मेली, बरीचशी आगीच्या वादळात. वैमानिक याच मनोऱ्यावरून दिशा ठरवत. आता काचेची लिफ्ट ७६ मीटरपर्यंत नेते आणि वर, त्या त्या दिशेला, तेव्हाचे फोटो लावलेत. तळघरातलं प्रदर्शन जर्मनांनी आधी कुठे कुठे बॉम्ब टाकले तेही सांगतं. दहा वर्षांच्या मुलाला तळघरात न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी माझ्या मुलीला बारा वर्षांची झाल्यावर नेलं.

---

कंदील

हे वाचून १९६२ चा पूर आठवला. फेब्रुवारीतल्या वादळात बांध फुटले आणि फक्त हॅम्बर्गमध्ये ३१५ माणसं गेली, सर्वांत जास्त विल्हेल्म्सबुर्ग या भागात. बाउमवाल ते लांडुंग्सब्रुकेन जी रुंद, पायऱ्या-पायऱ्यांची चालायची जागा आहे ना, जिथे सगळे आइसक्रीम खात बसतात, ती प्रत्यक्षात पूर अडवणारी भिंत आहे. वास्तुविशारद झाहा हादिदच्या कार्यालयाने आखलेली. आईंना तिथे संध्याकाळी फिरायला न्या. चढायला उतारही आहे.

---

सागरगोटा

जुनी_पानं, निकोलायला मी आणि बाबा जाऊ. आई आणि मुलगा त्या वेळात वुंडरलांडला. त्याचं वेळेचं बुकिंग आजच करून टाकलं, पुढच्या आठवड्यांतल्या दुपारी भरत आल्या होत्या.

आता आराखडा असा केलाय. भरतीचं वेळापत्रक उतरवून घेतलं. पहिल्या दिवशी भरती सकाळी अकराच्या आसपास आहे, म्हणून यू-३ ने लांडुंग्सब्रुकेन, ६२ नंबर, नॉयम्यूलन, वाळू. दुसऱ्या दिवशी बोगदा आणि संध्याकाळी वखारी. बार्कासे ज्या दिवशी मधलं पाणी दुपारी आहे त्या दिवशी. पेकिंग आणि शेड शनिवारी. रविवारी पहाटे मी आणि आई बाजारात. वेडेल जहाजांच्या वेळा बघून.

एकच शंका उरली. धक्क्याला लागून 'कॅप सान डिएगो' नावाचं मालवाहू जहाज आहे, त्याची इंजिनरूम बघता येते म्हणे. बाबांना ती बघायचीच आहे.

---

गलबत

हो, इंजिनरूम उघडी असते. १९६० च्या दशकातलं जहाज आहे, अजूनही चालतं, वर्षातून काही वेळा प्रवासी घेऊन बाहेरही जातं. पण इंजिनरूममध्ये उतरायला खड्या लोखंडी शिड्या आहेत, बऱ्याच. जहाजावरच्या शिड्या तुमच्या बाबांना नव्या नाहीत, चढणं-उतरणं गुडघ्यांना किती जमेल ते त्यांनाच ठरवू द्या. तिकीट काढताना काउंटरवर विचारा. डेक, मालाचे होल्ड आणि डेकवरच्या क्रेन बघूनही पैसे वसूल होतात. शेजारच्या 'रिकमर रिकमर्स' या १८९६ च्या शिडाच्या जहाजावर जिने त्यामानाने कमी त्रासाचे आहेत.

---

पाऊलवाट

उत्तम धागा, वाचनखुणेत साठवला. आम्ही नोव्हेंबरमध्ये जाणार आहोत. तेव्हा यातलं काय चालू असतं?

---

गलबत

फेऱ्या बाराही महिने चालतात. बोगदा, प्लाझा, वखारी, वुंडरलांड, निकोलाय, सगळं चालू. बंदर संग्रहालय आणि पेकिंग बहुधा बंद असेल, मासळीबाजार सातला सुरू होतो आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून फेरी सकाळी घ्या. वाऱ्याचे इशारे मात्र रोज बघा. त्या दिवसांत वादळी भरती आली की मासळीबाजाराची जागा पाण्याखाली जाते आणि पूरदरवाजे लावून काठचे रस्ते बंद करतात. हॉटेल काठाला असेल आणि गाडी भाड्याने घेतली असेल तर ती तिथे खाली लावू नका.